एफएनमॅच आणि ग्लॉब (सी फंक्शने)

एफएनमॅच आणि ग्लॉब ही फाइलींची नावे वाइल्डकार्ड आकृतिबंधांशी जुळवून पाहण्यासाठी सी भाषेतील प्रोग्रॅममध्ये वापरली जाणारी दोन फंक्शने आहेत. ती सी भाषेच्या प्रमाणित लायब्ररीत नसून पॉझिक्स या प्रमाणकाचा भाग आहेत. त्यामुळे लिनक्स, मॅकओएस यांसारख्या युनिक्ससदृश प्रणालींवर ती मिळतात; मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीत मात्र ती नाहीत.

आकृतिबंधातील तारका (*) कोणत्याही कितीही अक्षरांशी जुळते, अगदी शून्य अक्षरांशीही. प्रश्नचिन्ह (?) नेमक्या एका अक्षराशी आणि चौकटी कंस त्यात दिलेल्यांपैकी एका अक्षराशी जुळतो.

इतिहास

१९७१ मधील पहिल्या युनिक्समध्ये ग्लॉब हा स्वतंत्र प्रोग्रॅम होता. वाइल्डकार्डांचा विस्तार करण्याचे काम शेल त्याच्याकडे सोपवत असे. हे नाव 'ग्लोबल' या शब्दाचे लघुरूप होय. पुढे १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील बोर्न शेल हे काम स्वतःच करू लागले.

कार्यपद्धती

एफएनमॅच डिस्ककडे पाहत नाही; ते केवळ दोन स्ट्रिंगची तुलना करते. ग्लॉब मात्र प्रत्यक्ष डिरेक्टरी वाचून जुळलेल्या नावांची यादी देते. या यादीने व्यापलेली मेमरी ग्लॉबफ्री या फंक्शनने मोकळी करावी लागते.

नाव जुळल्यास एफएनमॅच शून्य परत करते. सी भाषेत शून्य म्हणजे असत्य. त्यामुळे त्याचे उत्तर थेट 'इफ'च्या अटीत ठेवल्यास अर्थ नेमका उलटतो. तात्पुरत्या फाइली पुसण्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम अशा वेळी त्या राखून बाकी सर्व पुसून टाकतो, आणि कंपायलर त्याविषयी सहसा चकार शब्द काढत नाही. टिंबाने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइलींबाबतही दोहोंत फरक आहे. ग्लॉबमधील तारका आरंभीच्या टिंबाशी जुळत नाही. एफएनमॅचमधील तारका मात्र एफएनएम_पीरियड हा फ्लॅग दिला नसल्यास जुळते.

देवनागरी नावे

प्रश्नचिन्हासाठी 'एक अक्षर' म्हणजे काय, हे लोकेलवर ठरते. प्रोग्रॅमने सेटलोकेल हे फंक्शन वापरले नसल्यास लिनक्सच्या ग्लिबसी लायब्ररीत प्रत्येक बाइट स्वतंत्र धरला जातो. 'किल्ला' या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात, पण यूटीएफ-८ मध्ये तो १८ बाइटांचा असतो. म्हणजे तितकीच प्रश्नचिन्हे हवीत. योग्य लोकेल निवडल्यावरही ६ लागतातच, कारण युनिकोडमध्ये वेलांटी, हलन्त आणि काना हे स्वतंत्र संकेतबिंदू आहेत. म्हणून मराठी नावांसाठी प्रश्नचिन्हापेक्षा तारका अधिक भरवशाची ठरते.