शरीराचीही फेरपालट हवी

"साहेब, आम्ही दिवसभर रानात राबतो. आम्हाला आणखी व्यायाम कशाला?" गावच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, की हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्त आहे. पण बैठक संपल्यावर कितीजण गुडघ्यावर हात टेकून उठतात, तेही पाहावे.

एकाच रानात सतत ऊस घेतला तर जमिनीचा कस उतरतो. म्हणून आपण मध्ये हरभरा किंवा ताग घेतो. शरीराचेही तसेच आहे. खुरपणीत, कांदा लागवडीत बायाबापड्यांची कंबर तासन् तास वाकलेली असते. ट्रॅक्टर आला आणि औतामागचे चालणे सुटले. श्रम होतात, पण एकांगी.

शरीराला चार गोष्टी लागतात: दम, ताकद, लवचीकपणा आणि तोल. माझ्या ओळखीचे एक शेतकरी साठीतही भरले पोते उचलत. ऐन सुगीत बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. ताकद होती, तोल राहिला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सल्ला दिला. आठवड्यात किमान १५० मिनिटे दम वाढवणारी मध्यम हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. ६५ वर्षांपुढील माणसांनी तीन दिवस तोल व ताकद सांभाळणाऱ्या हालचाली कराव्यात. शेतातले श्रमही यात धरले जातात. उरते ती कसर भरून काढायची.

ती अशी भरावी. वस्तीवरून गावात जाताना गाडी न काढता झपझप चालावे; बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. आठवड्यातून दोनदा झेपतील तेवढ्या बैठका आणि भिंतीला हात टेकून जोर काढावेत. वाकून काम करताना मधूनमधून उभे राहून कंबरेवर हात ठेवावेत व हळूच मागे झुकावे. सकाळी चार सूर्यनमस्कार घातले तर अंग मोकळे होते. तोलासाठी खांबाजवळ उभे राहून एका पायावर दहा अंक मोजावेत, मग पाय बदलावा.

सुरुवात थोडक्याने करावी. रक्तदाब, छातीत दुखणे किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

बैल दमला, की आपण त्याला सावलीत बांधतो, वैरण घालतो. त्याची निगा राखणाऱ्या धन्याने स्वतःच्या अंगाचीही तेवढीच काळजी घ्यावी.