परीक्षेपूर्वी अभ्यास पुढे ढकलण्याची सवय : कारणे व उपाय

विद्यार्थी, पालक व कुटुंबीयांसाठी माहिती

देशातील बहुतेक शिक्षण मंडळांच्या दहावी व बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होतात. या काळात अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते, पुस्तके समोर असतात, तरीही मुलगा किंवा मुलगी अभ्यासाला बसत नाही. ‘उद्यापासून नक्की’ असे म्हणत दिवस निघून जातात. घरातील माणसे याला आळस समजतात आणि रागावतात. परंतु अभ्यासाची ही टाळाटाळ बहुतेक वेळा आळसातून नव्हे, तर मनावरील ताणातून होते. म्हणूनच केवळ रागावल्याने ती कमी होत नाही.

टाळाटाळ का होते?

अवघड विषय समोर येताच भीती, कंटाळा किंवा ‘मला जमणार नाही’ ही शंका मनात उत्पन्न होते. पुस्तक बाजूला ठेवताच तेवढ्यापुरते हायसे वाटते. हा दिलासा मन लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळीही तोच मार्ग निवडते. मात्र शिल्लक अभ्यास वाढत जातो, त्याबरोबर भीतीही वाढते आणि भीती वाढल्याने टाळाटाळ अधिक होते.

ही टाळाटाळ नेहमी रिकामे बसण्याच्या रूपात दिसत नाही. वेळापत्रक पुन्हा पुन्हा नव्याने आखणे, टेबल आवरत बसणे, येत असलेलाच धडा परत वाचणे, ‘फक्त पाच मिनिटे’ म्हणून मोबाइल हाती घेणे, हीसुद्धा तिचीच रूपे आहेत.

शेवटच्या रात्रीचे जागरण उपयोगी का ठरत नाही?

१३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना दररोज ८ ते १० तास झोप आवश्यक असते. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे कार्य झोपेतही चालू असते. जागरणामुळे एकाग्रता कमी होते आणि येत असलेली उत्तरेही परीक्षेत वेळेवर आठवत नाहीत. चहा-कॉफीतील कॅफिनचे सुमारे निम्मे प्रमाण पाच तासांनंतरही शरीरात राहू शकते. त्यामुळे सायंकाळनंतर ही पेये टाळावीत. झोप उडवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याविना कधीही घेऊ नयेत.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्मरणशक्तीविषयी स्वतःवर केलेले प्रयोग १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेल्या गोष्टींचा विसर पहिल्या काही तासांत सर्वाधिक वेगाने पडतो आणि एकाच बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, असे त्यांना आढळले.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

• सुरुवात लहान करावी. एक प्रश्न किंवा २५ मिनिटे एवढेच ठरवून बसावे व नंतर पाच मिनिटे विश्रांती घ्यावी. सुरुवात झाली की भीती बहुधा ओसरू लागते.
• काम नेमके लिहावे. ‘विज्ञान करणे’ असे न लिहिता ‘प्रकाशाचे अपवर्तन : पाच उदाहरणे’ असे लिहावे.
• पुस्तक मिटून आठवावे. वाचलेले न पाहता लिहून काढावे व मग पडताळावे. केवळ पुन्हा वाचण्यापेक्षा हे अधिक परिणामकारक असते.
• उजळणी दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी व आठवड्याने करावी.
• अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा घरातील मोठ्यांकडे ठेवावा.

परीक्षा अगदी जवळ आली असेल, तर संपूर्ण अभ्यासक्रम उरकण्याचा अट्टहास सोडावा. अधिक गुणांचे धडे व मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका आधी घ्याव्यात. आदल्या रात्री नवा धडा सुरू करू नये. वाया गेलेल्या दिवसांबद्दल स्वतःला दोष देत बसू नये. कॅनडातील कार्लटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेपूर्वी झालेल्या टाळाटाळीबद्दल स्वतःला माफ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढील परीक्षेपूर्वी कमी टाळाटाळ केल्याचे आढळले.

कुटुंबीयांनी काय करावे?

• भावंडे, शेजारी किंवा वर्गमित्रांशी तुलना करू नये.
• ‘किती झाले?’ याऐवजी ‘आज कुठे अडले?’ असे विचारावे. अडचण समजली, तर शिक्षकांची मदत घेता येते.
• अभ्यासाच्या ठरलेल्या वेळी दूरदर्शन संचाचा आवाज कमी ठेवावा. परीक्षेच्या काळात घरकामाचा भार, विशेषतः मुलींवरील, कमी करावा.
• जेवण, झोप व थोडा खेळ यांच्या वेळा मोडू देऊ नयेत.
• वसतिगृहात किंवा परगावी राहणाऱ्या पाल्यास दूरध्वनीवर आधी जेवण, झोप व प्रकृतीविषयी विचारावे, गुणांविषयी नंतर.

वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

लक्ष न लागण्यामागे रक्तक्षय किंवा दृष्टिदोष यांसारखी कारणेही असू शकतात. लहानपणापासून लक्ष टिकत नसेल किंवा वाचन-लेखनात सतत अडचण येत असेल, तर तपासणी करून घ्यावी. उदासी, झोप किंवा भूक यांतील बदल, वारंवार डोकेदुखी वा पोटदुखी, माणसांत मिसळणे टाळणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ राहिल्यास जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत १० ते १९ वर्षे वयोगटासाठी किशोरस्नेही आरोग्य केंद्रांत समुपदेशन उपलब्ध आहे.

‘जगण्यात अर्थ नाही’ असे बोलणे किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार व्यक्त करणे यास धमकी समजू नये. अशा वेळी मुलास एकटे सोडू नये, शांतपणे ऐकून घ्यावे व तत्काळ मदत मिळवावी. ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास उपलब्ध असून मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ वर संपर्क साधावा.

परीक्षा पुन्हा देता येते. पाल्याचे आरोग्य त्याहून मोलाचे आहे, हे त्याला निकालापूर्वीच घरातून ऐकू यावे.