‘परमिशन डिनाइड’: स्पॅमडीला डिरेक्टरी का बनवता येत नाही?

मेल सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसलं, की अनेक अ‍ॅडमिनचा हात आधी ‘सीएचमॉड ७७७’कडे जातो. स्पॅमअसॅसिन या स्पॅम-गाळणीच्या स्पॅमडी या डेमनला वापरकर्त्याच्या होममध्ये ‘.स्पॅमअसॅसिन’ ही डिरेक्टरी बनवता आली नाही, एवढंच ती ओळ सांगते. त्यासाठी अख्खं होम सगळ्यांना खुलं केलं, तर एसएसएच सर्व्हर ते असुरक्षित मानतो आणि त्या वापरकर्त्याचं की-लॉगिन बंद पडतं. मशीनवरच्या कोणालाही त्या होममधल्या फाइली पुसता येतात, हे वेगळंच.

‘स्पॅमडी रूट म्हणून चालतो, त्याला कोण अडवणार?’ हा समज सर्वांत घट्ट बसलेला आहे. तो सुरू होतो रूट म्हणून, हे खरं. पण पत्र तपासताना रूटचे अधिकार सोडून, ज्याने स्पॅमसी (पत्र स्पॅमडीकडे देणारा क्लायंट) चालवला त्या वापरकर्त्याच्या अधिकारात जातो. स्पॅमसीच रूटने चालवला असेल, तर स्पॅमडी मुद्दाम ‘नोबडी’ या दुबळ्या खात्यावर उतरतो. नोबडीला रूटच्या होममध्ये लिहिता येणार कसं? ‘/रूट/.स्पॅमअसॅसिन’ची तक्रार येते ती इथून. पत्रं पोहोचवणाऱ्या प्रॉकमेलच्या सामाईक फाइलमधून स्पॅमसी चालवला की हे बऱ्याचदा घडतं. तिथे स्पॅमसीच्या आधी ‘ड्रॉपप्रिव्ज=येस’ लिहावं; मग पत्र ज्याचं, त्याच्याच नावाने तपासणी होते. म्हणून परवानग्यांना हात लावण्याआधी लॉगमध्ये कोणाचं नाव आणि कोणाचं होम आहे, ते वाचा. डेबियनवर तिथे ‘/नॉनएक्झिस्टंट’ दिसलं, तर ते नोबडीचं होम. ते मुळात नसावं अशीच योजना आहे. कृपा करून ते बनवू नका.

स्पॅमडीचा ‘-सी’ पर्याय दिला की सगळं आपोआप बनतं, हेही अर्धसत्य. तो वापरकर्त्याची सेटिंगची फाइल बनवतो, होम नव्हे. ज्यांचं सिस्टिमवर खातंच नाही अशा व्हर्च्युअल वापरकर्त्यांसाठी ‘व्हर्च्युअल-कॉन्फिग-डिर’ हा पर्याय आहे. त्यासोबत ‘-एक्स’ लागतो, आणि दिलेली जागा स्पॅमडी ज्या खात्यावर चालतो त्याच्या मालकीची असायला हवी.

मालकी, परवानग्या सगळं ठीक असूनही नकार येत असेल, तर फेडोरा किंवा रेड हॅटवर एसई-लिनक्सचा ऑडिट लॉग उघडा. सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमधलं ‘प्रोटेक्टहोम’ही होमची वाट बंद करतं.

‘मेल तर येतेय, मग बिघडलं काय?’ असं विचारून हा विषय सोडून देणारे पुष्कळ. सामाईक नियमांनी तपासणी चालूच राहते, म्हणून बिघाड जाणवत नाही. पण शिकवलेल्या पत्रांवरून स्पॅम ओळखणाऱ्या बेझ पद्धतीचा प्रत्येकाचा स्वतंत्र डेटाबेस ‘.स्पॅमअसॅसिन’ याच डिरेक्टरीत राहतो. मूळ सेटिंगप्रमाणे २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रं शिकल्याशिवाय बेझ गुण देत नाही. लिहायला जागाच नसेल तर ही मोजणी पुढे सरकत नाही. अशा वेळी रूट म्हणून ‘एसए-लर्न’ हे बेझला शिकवणारं साधन चालवलं, तर शिकवण रूटच्या डेटाबेसमध्ये जाते. तेही त्या त्या वापरकर्त्याच्या नावानेच चालवावं लागतं.