कोशाच्या साडीला फॉल लावताना

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत कोष्ट्यांचे हातमाग जुने. या जिल्ह्यातल्या करवत काठी साडीला तर भौगोलिक मानांकन आहे: अंग कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, काठावर करवतीचे दाते. मी शिवणकाम करते, त्यामुळे माझा जीव अडकतो तो तिच्या फॉल-अस्तरात.

कोशाचा मूळ रंग मधासारखा. ट्यूबलाइटखाली जुळलेला फॉल उन्हात वेगळाच दिसतो. म्हणून मी साडीच दुकानात नेते आणि पायरीवर येऊन उजेडात ताडून पाहते. फॉल सुती घ्यावा, रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावावा. नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि निऱ्यांपाशी चुण्या पडतात. ब्लाउजच्या सुती अस्तरालाही हेच. मशीनला 11 नंबरची बारीक सुई लावावी. 14 नंबरची भोकं रेशमावर उठून दिसतात.

मोबाइलवर हुक, चेन, लेस स्वस्त मिळतात, खरं आहे. पण अर्धा मीटर अस्तर कापून देणारा, रिळाचा धागा साडीवर ठेवून दाखवणारा दुकानदार तिथे नसतो. हजारोंची साडी घेता, तर फॉलसाठी दहा मिनिटं काढा, आणि तो गावातल्याच दुकानातून घ्या.