हात-पाय-तोंड रोग : फोड वाळले तरी न थांबणारा संसर्ग

हात-पाय-तोंड रोग हा मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होणारा विषाणुजन्य आजार आहे. भारतात पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत बालवाड्या व पाळणाघरांतून तो झपाट्याने पसरतो. विषाणू शरीरात शिरल्यापासून साधारण तीन ते सहा दिवसांनी बारीक ताप येतो, घसा दुखतो, मूल जेवायला नको म्हणते. एक-दोन दिवसांत तोंड येते. जीभ, गालांची आतली बाजू आणि टाळू यांवर फोड येऊन फुटतात व त्यांची जळजळणारी व्रणे होतात. त्याच सुमारास तळहात, तळपाय आणि पुष्कळदा ढुंगणावर लालसर पुरळ किंवा पाणी भरलेले फोड दिसू लागतात.

घरच्यांना पहिली शंका येते ती कांजण्यांची. पण कांजण्या छाती, पोट व पाठीवर जास्त असतात आणि त्यांना खूप खाज सुटते. या आजाराचे फोड हातापायांच्या टोकांकडे असतात आणि ते खाजण्यापेक्षा दुखतात. गुराढोरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाशीही त्याची गल्लत होते. दोन्ही रोगांचे विषाणू एकाच मोठ्या कुळातले असले तरी वेगळे आहेत, आणि गोठ्यातून हा आजार मुलांना होत नाही.

रोगाला कारण होणारे विषाणू एन्टेरोव्हायरस, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या गटातले आहेत. पोलिओचा विषाणूही याच गटातला. त्यांपैकी कॉक्सॅकी विषाणूंना नाव मिळाले ते अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी या गावावरून. तिथल्या मुलांच्या शौचाच्या नमुन्यांत गिल्बर्ट डॉलडॉर्फ आणि ग्रेस सिकल्स यांना हे विषाणू आढळले व १९४८ साली त्यांनी ते जाहीर केले. हात-पाय-तोंड रोग प्रामुख्याने कॉक्सॅकी ए-१६, ए-६ व ए-१० आणि एन्टेरोव्हायरस ए-७१ यांच्यामुळे होतो. २०२२ साली केरळातील कोल्लम जिल्ह्यात लहान मुलांमध्ये ‘टोमॅटो फ्लू’ची साथ आल्याच्या बातम्यांनी घबराट पसरली. त्या काळात केरळला जाऊन ब्रिटनला परतलेल्या दोन मुलांना तशीच लक्षणे दिसली, तेव्हा त्यांच्या नमुन्यांत कॉक्सॅकी ए-१६ सापडला. टोमॅटोशी त्याचा संबंध फक्त फोडांच्या लाल रंगापुरता होता.

प्रसाराचे गमक विषाणूच्या रचनेत आहे. फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती असते तसे चरबीचे आवरण या विषाणूंना नसते. त्यामुळे जठरातले आम्ल त्यांना मारू शकत नाही आणि ते सुखरूप आतड्यात पोहोचतात. घसा आणि आतडे इथे वाढून ते रक्तावाटे त्वचेपर्यंत जातात. बाहेर पडण्याचे मार्गही तसेच अनेक आहेत : लाळ, नाकातला स्राव, खोकल्या-शिंकांचे तुषार, फोडांतले पाणी आणि शौच. पहिल्या आठवड्यात संसर्गाचा जोर सर्वाधिक असतो, परंतु शौचावाटे विषाणू कित्येक आठवडे बाहेर पडत राहतात. फोड वाळले, मूल हसूखेळू लागले, तरी त्याचे लंगोट बदलणाऱ्या हातांवरून विषाणू खेळण्यांवर, दाराच्या कडीवर, दुसऱ्या मुलाच्या तोंडात जाऊ शकतो. मोठ्या माणसांना संसर्ग होऊनही बहुधा लक्षणे दिसत नाहीत. तीही नकळत तो पसरवतात.

ताप उतरेपर्यंत आणि फोड वाळेपर्यंत मुलाला घरी ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. खरी भिस्त हात धुण्यावर आहे, तेही साबण आणि वाहत्या पाण्याने. अल्कोहोलयुक्त सॅनिटायझर चरबीचे आवरण विरघळवून काम करतो. जिथे आवरणच नाही तिथे त्याचा प्रभाव उणा पडतो. ज्या पाळणाघरांत दारात सॅनिटायझरची बाटली असते पण लंगोट बदलण्याच्या जागेजवळ नळ नसतो, तिथली व्यवस्था या रोगापुरती उलटी आहे. खेळणी आणि फरशी आधी साबणाने धुऊन मग ब्लीचच्या सौम्य द्रावणाने पुसावीत.

आजारावर विशिष्ट औषध नाही. प्रतिजैविकांचा विषाणूंवर उपयोग होत नाही. बहुतेक मुले सात ते दहा दिवसांत बरी होतात. ताप व दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने वयानुसार पॅरासिटामॉल द्यावे. ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. सर्वांत मोठी अडचण गिळण्याची असते. तोंडाच्या जळजळीमुळे मूल पाणीही नाकारते आणि शरीर कोरडे पडते. गार दूध, ताक, पेज, मऊ भात थोडा थोडा देत राहावे. आंबट, तिखट आणि गरम पदार्थ टाळावेत. लघवी कमी होणे ही धोक्याची पहिली खूण. ए-६ प्रकारात पुरळ अधिक पसरते आणि आठवड्यांनंतर नखे सुटून येतात. ते पाहून पालक घाबरतात, पण नवी नखे आपोआप येतात.

एन्टेरोव्हायरस ए-७१ मात्र क्वचित मेंदू आणि हृदयावर आघात करतो. १९९८ साली तैवानमधील साथीत ७८ मुले दगावली. तीन दिवसांहून अधिक ताप, वारंवार उलट्या, झोपेत दचकून हातपाय झटकणे, चालताना तोल जाणे, गुंगी, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर मुलाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. चीनने या विषाणूविरुद्धच्या लसीला डिसेंबर २०१५ मध्ये मान्यता दिली. ती ए-७१ पासून चांगले संरक्षण देते, पण कॉक्सॅकी प्रकारांवर चालत नाही. नैसर्गिक संसर्गाने येणारी प्रतिकारशक्तीही त्या-त्या प्रकारापुरतीच असते. म्हणून एकदा बरे झालेल्या मुलाला दुसऱ्या प्रकारामुळे हा आजार पुन्हा होऊ शकतो.