मागे सरकलेल्या हिरड्या आणि शस्त्रक्रिया

हिरडी मागे सरकली की दाताचे मूळ उघडे पडते आणि गार पाणी लागताच कळ येते. सरकलेली हिरडी औषधाने किंवा मालिशने जागेवर येत नाही. मूळ झाकायचे तर शस्त्रक्रियाच लागते. मात्र आधी कारण थांबवायला हवे. उदाहरणार्थ, ओमानमध्ये दात घासायला पिलूच्या काडीचे मिसवाक आजही वापरतात. ते दातांना चांगलेच, पण आडवे आणि जोर लावून घासले तर हिरडी झिजवते. ‘अफझल’ तंबाखूवर तिथे बंदी असली, तरी ती ओठाआड धरणारे आहेत. आपल्याकडच्या मशेरीसारखीच हीदेखील धूर न काढता वापरायची तंबाखू, आणि तीही हिरडीला घातक.

किती मूळ झाकले जाईल, हे दोन दातांमधल्या हाडावर ठरते. फ्रान्सेस्को काइरो व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली वर्गवारी तिथला हिरडीचा दाताशी असलेला जोड किती सुटला आहे, यावर आधारलेली आहे. तो जोड आणि ते हाड शाबूत असेल तर पूर्ण मूळ झाकण्याची आशा धरता येते. बरेच झिजले असेल तर तशी ग्वाही कोणत्याही डॉक्टरने देऊ नये.

हिरडी पुरेशी जाड असेल तर ती सैल करून दाताकडे ओढून शिवतात. पातळ असेल तर तिच्याखाली टाळूतला तुकडा बसवतात. लँगर दांपत्याने १९८५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची. भूल देऊन दाढांच्या आतल्या बाजूला टाळूवर छेद घेतात, वरचा पापुद्रा उचलून आतून दीडेक मिलिमीटर जाडीची पट्टी काढतात आणि पापुद्रा पुन्हा शिवतात. रुग्णाला पुढचे काही दिवस हिरडीपेक्षा टाळूच जास्त दुखते. शेजारशेजारच्या अनेक दातांसाठी हिरडीखाली बोगदा करून पट्टी सरकवतात. खालच्या पुढच्या दातांपाशी घट्ट हिरडीच उरली नसेल, तर टाळूचा वरच्या थरासकट तुकडा लावतात. त्याचा रंग मात्र वेगळा दिसतो.

टाळूची जखम टाळायला तयार साहित्य मिळते, आणि इथे खरी काळजी घ्यावी लागते. एम्डोगेन हे जेल डुकराच्या पिलांच्या वाढत्या दातांपासून बनते, कोलॅजनचे अनेक पडदे डुकराचे किंवा गाईगुरांचे असतात, तर काही साहित्य मृत दात्याच्या त्वचेचे. ओमानमध्ये दंतवैद्य भारतीय आणि रुग्ण ओमानी मुसलमान असू शकतो; त्याला डुकराचे साहित्य धर्मामुळे चालणार नाही. मस्कतमधल्या मराठी कुटुंबाचा आक्षेप वेगळा, गाईगुरांच्या साहित्याला, असू शकतो. म्हणून साहित्य कशाचे आहे, हे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगितलेच पाहिजे. स्वतःच्या टाळूतल्या तुकड्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे त्या जागी ब्रश किंवा मिसवाक लावायचे नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने चूळ भरायची. सिगारेट-तंबाखू चालू ठेवली तर रक्तपुरवठा कमी पडून तुकडा नीट धरत नाही. टाके बहुधा दहा ते चौदा दिवसांनी काढतात. हिरडीचा अंतिम आकार ठरायला मात्र काही महिने जातात.