अ‍ॅक्रिलिकच्या टाकीतील छिद्र

मुंबईत १९५१ साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात ज्या पारदर्शक पदार्थाचा बोगदा उभारण्यात आला, ते अ‍ॅक्रिलिक काचेच्या निम्म्याहूनही कमी वजनाचे असते आणि सहजासहजी फुटत नाही; मात्र उष्णता वाहून नेण्याची त्याची क्षमता काचेच्या सुमारे एक पंचमांश असल्यामुळे ड्रिलची उष्णता छिद्राच्या कडेलाच साचते आणि साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तो भाग मऊ पडू लागतो. म्हणून होल सॉ, म्हणजे गोल करवतीचे पाते, मंद गतीने फिरवावे, वरचेवर बाहेर काढून चुरा झटकावा, पाण्याने कड थंड ठेवावी आणि मागे लाकडी फळी घट्ट दाबून धरावी, जेणेकरून पाते पार होताना टवका उडणार नाही. धातूसाठीच्या ड्रिलची तीक्ष्ण धार अ‍ॅक्रिलिकमध्ये एकदम रुतते आणि ते तडकवते, त्यामुळे जाणते कारागीर ती थोडी बोथट करून घेतात.

छिद्र पडले तरी काम निम्मेच झालेले असते. कडेवर राहिलेला बारीक ओरखडा पुढे तडा जाण्याची जागा ठरतो, म्हणून कड पॉलिशपेपरने गुळगुळीत करणे अपरिहार्य आहे. ती स्पिरिटने पुसणे मात्र घातक, कारण ताणाखाली असलेल्या अ‍ॅक्रिलिकवर अल्कोहोल लागताच सूक्ष्म तड्यांचे जाळे पसरते. टाकीच्या भिंतीतून पाइप पार नेणाऱ्या जोडणीचा, म्हणजे टँक निपलचा, रबरी वायसर पाण्याच्या बाजूला ठेवावा आणि नट हाताने आवळून त्यावर पाना अगदी थोडाच फिरवावा. अति आवळल्यास तडा कधीकधी कित्येक दिवसांनी उमटतो.

छिद्र कोठे पाडावे, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. पाणी वरच्या छिद्रातून खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरते आणि पंप ते परत वर चढवतो. जगबुडी नदीकाठच्या खेडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात वीज गेली की पंप थांबतो आणि बुडालेल्या परतीच्या पाइपातून पाणी सायफनने, म्हणजे आपल्याच वजनाने ओढले जाऊन, उलटे खाली येऊ लागते. या पाइपाला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक ठेवल्यास, पातळी जराशी उतरताच त्यातून हवा शिरते आणि हा प्रवाह तुटतो. तोवर उतरलेले पाणी सामावण्याइतकी जागा संपमध्ये मोकळी ठेवणे आवश्यक असते.